एकटा जीव

‘एकटा जीव सदाशिव’ असे आपल्याकडे म्हणतात; पण ते पुरुषाला म्हणतात. एकट्या पुरुषाच्या खोलीत चार उष्टे कप पडलेले दिसले, तर लोक कौतुकाने हसतात. एकट्या बाईच्या घरात तेच कप विसळून पालथे घातलेले असले, तर विचारतात, “कोन आलं होतं?” सदाशिवाचे स्त्रीलिंगी रूप मराठीत अजून कोणी केलेले नाही.

हे मला कादंबऱ्या लिहिताना सुचले नाही. मूर्तिजापुरात अठरा वर्षे भाड्याच्या घरात एकटी राहिले, म्हणून सुचले. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. एका खाजगी शाळेत बालवर्ग सांभाळते. लोक म्हणतात, “बाईंचं लग्न झालं नाही.” मी म्हणते, “केलं नाही.” एवढ्याशा क्रियापदासाठी मी पुष्कळ भांडले आहे.

पहिल्यांदा घर शोधायला निघाले, तेव्हा सगळीकडे दोनच प्रश्न असत. पहिला, “आडनाव काय?” दुसरा, “मिस्टर काय करतात?” सात घरे पाहिली. त्यांतल्या चार ठिकाणी दुसऱ्या प्रश्नापर्यंत पाळीच आली नाही. आडनाव ऐकताच खोली ‘कालच दिलेली’ असे. माझे आजोबा १९५६ साली नागपूरला दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून आमच्या घरी लक्ष्मीपूजन नाही. करंज्या मात्र होतात, आणि भाऊबीज कशी कोण जाणे राहून गेली आहे. अखेर स्टेशनाकडच्या बाजूला एका म्हाताऱ्या विधवेने खोली दिली. तिने एकच विचारले, “भाडं वेळेवर देशीन ना?”

त्या खोलीत राहताना शकुंतलेची शिटी ऐकू येई. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी बंद पडूनही आता काही वर्षे झाली. गावाने गाडीला बाईचे नाव दिले, तेही नवऱ्याने ओळख विसरलेल्या बाईचे! असो.

याच खोलीत मी नाशिकच्या शांताबाई दाणींचे ‘रात्रंदिन आम्हा’ वाचले. शांताबाई शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकर्त्या, दादासाहेब गायकवाडांच्या सहकारी. १९६८ ते १९७४ त्या विधान परिषदेत होत्या. त्यांनी लग्न केले नाही. वाचता वाचता मला सारखे वाटे, सभा संपल्यावर या बाईंनाही कोणी विचारले असेल का, “आता घरी कोण आहे?”

पुढे डोरोथी हाइट या अमेरिकेतल्या काळ्या बाईंविषयी वाचले. त्याही अविवाहित. १९५७ ते १९९७, चाळीस वर्षे, त्यांनी नीग्रो स्त्रियांची राष्ट्रीय परिषद चालवली. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चात त्या मंचावर होत्या. बोलायला मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. आणि गंमत अशी की, १९५२ साली या बाई दिल्ली विद्यापीठात समाजकार्य शिकवायला आल्या होत्या. आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडून घेतले ते १९७२ मध्ये. त्याच्या वीस वर्षे आधी ही एकटी बाई इथे येऊन शिकवून गेली होती. तिलाही दिल्लीत कोणी मिस्टरांविषयी विचारलेच असेल. आपण काय सोडणार आहोत!

हे सारे मी मोठ्या दिमाखाने वाचत असे. मग गेल्या दिवाळीत भाऊबिजेला अकोल्याला गेले. ओवाळून झाल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, तुह्यं काय, एकटा जीव. तिथं भाडं भरन्यापेक्षा इकडेच ये. मायजवळ कोनीतरी पाहिजे ना.”

आईला अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. भावजय नोकरी करते, मुले लहान. त्याचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. पण माझी शाळा, माझी लिहायची पहाट, माझे कप, यांची त्याच्या हिशेबात कुठे नोंदच नव्हती. मी ताट तसेच ठेवून उठले. परतीच्या गाडीत रडलेही. आईला नाही म्हटले, की भावाला, हेच मला समजेना.

पंधरा दिवसांनी जाऊन मी आईलाच इकडे घेऊन आले. भाऊ म्हणाला, “लोक काय म्हनतीन?” आणि त्यानंतर फोनच बंद झाला. मी शाळेत असते तेव्हा घरमालकीण आईजवळ बसते. त्याचे पैसे मी देते, ती ते कुरकुरत घेते. वर्षभरात माझी एकही कादंबरी पुढे सरकली नाही. रात्री दोनदा उठावे लागते. कधी कधी मी आईवर ओरडते, आणि मग दोघी गप्प बसतो.

परवा आई खिडकीशी बसून म्हणाली, “काहून वं, तुह्या घरात कोनी आवाजच नाही देत.”

“करमत नाही का?”

“मले नाही आवाज देल्ला कोनी, असं लगनापासून पहिल्यांदाच झालं,” ती म्हणाली, आणि चहा मागितला.

आता भाऊबीज आली आहे. फोन अजून आलेला नाही. आईने एका हाताने लाटलेल्या करंज्या वेड्यावाकड्या झाल्या आहेत. त्या डब्यात भरल्या आहेत. घरमालकीण दिवसभर आईजवळ बसेन म्हणाली आहे. सकाळच्या पॅसेंजरने मी अकोल्याला जाणार आहे.