किनाऱ्याच्या पाठीमागचा गोवा

गोव्याहून परतलेल्या माणसाला काय काय पाहिलं असं विचारलं, तर कळंगुट, बागा, पाळोळे अशी किनाऱ्यांचीच यादी ऐकायला मिळते. त्यात गैर काही नाही. समुद्रासाठीच तर आपण तिकडे जातो. पण सत्तरी, धारबांदोडा, सांगे या आतल्या तालुक्यांशी माझी जसजशी ओळख वाढली, तसतसं एक मत पक्कं होत गेलं: रानातली फेरी ही किनारी सुट्टीला लावलेली पुरवणी नाही, तिच्याशिवाय किनाराही पुरता कळत नाही. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातलं म्हादई अभयारण्य २०८, नेत्रावळी २११, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४०, खोतीगाव ८६ आणि बोंडला ८ चौरस किलोमीटर. बेरीज केली तर राज्याचा पाचवा हिस्सा संरक्षित जंगलात आहे, आणि बहुतेक पर्यटक त्याच्या वाटेलाही जात नाहीत.

हा हिस्सा किनाऱ्यापासून तुटलेला नाही. सह्याद्रीत पडलेला पाऊस म्हादईतून उतरतो, तीच नदी खाली मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. वाटेत रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की चोडण बेट लागतं. त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. होडी इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या वेळेवर चालते. ओहोटी लागली की खारफुटीची श्वसनमुळं चिखलातून टोकं वर काढून उभी दिसतात, त्यांच्यामधून निवट्या परांच्या आधाराने सरपटतात, आणि एक नांगी अंगाहून मोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी ती हलवत बसतात. कोळंबीची आणि कित्येक माशांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. शॅकमध्ये बसून जी मासळी आपण मागवतो, तिचा माग काढत गेलं तर तो बऱ्याचदा या चिखलापर्यंत येऊन पोचतो. खाजन जमिनींचंही तसंच. बांध घालून आणि भरतीच्या पाण्याने आपोआप मिटणारी मानशीची दारं बसवून गावकऱ्यांनी खारं पाणी अडवलं, आत कोरगुट भात पिकवलं आणि मासेही धरले. निसर्गसहल म्हणजे माणूस वगळलेलं रान, ही समजूत या बांधावर उभं राहिलं की टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: एवढं चालून दिसतं काय? वाघ तर दिसत नाही. खरं आहे, आणि वाघाच्या आशेने म्हादईत जाऊही नये. तिथे वाघ असल्याचं गोव्याला सर्वांत ठळकपणे कळलं ते जानेवारी २०२० मध्ये, तेही एक वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडल्यावर. पण पावसाळ्यात चोर्ल्याच्या परिसरात जाणकाराबरोबर रात्री फिरलं, तर पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा पांढरा गोळा चिकटलेला दिसतो. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. अंडी त्या फेसात ओली राहतात आणि बाहेर पडलेली पिल्लं थेट खालच्या पाण्यात टपकतात. फांदी पाण्यावर नसेल किंवा डबकं आटलं असेल, तर सगळा खेळ संपला. मोठं जनावर दिसलं की आपण फोटो काढून मोकळे होतो. या फेसापुढे मात्र पाणी, झाड आणि पाऊस यांचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. किनाऱ्यांची जी गत झाली तीच रानाची होईल, मग माणसं तिकडे पाठवायचीच कशाला? मोसमात कुळ्याहून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपगाड्यांची रांग पाहिली की ही भीती पोकळ वाटत नाही. पण त्या रांगेवरून सिद्ध होतं ते इतकंच, की एकाच धबधब्याकडे सगळ्यांना एकाच वाहनातून नेणं चूक आहे. लहान गट, गावातलाच वाटाड्या, ठरलेली संख्या आणि विणीच्या काळात बंद वाटा, या अटी पाळल्या तर भार विखुरतो आणि पैसा गावात राहतो. उलट जे रान कुणी पाहिलेलंच नाही, ते कागदावर रिकामी जागा ठरायला वेळ लागत नाही. २०२० साली मोलेतून रेल्वेचं दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि रुंद महामार्ग नेण्याचे प्रस्ताव पुढे आले, तेव्हा गोव्यात मोठा विरोध उभा राहिला. त्यात ते जंगल पायाखाली घातलेले अभ्यासक होते, कलाकार होते, विद्यार्थी होते. रेल्वेमार्गाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. न्यायालयात निकाल पुराव्यावर लागतो हे मान्य. पण पुरावा गोळा करायला आधी त्या रानाशी ओळख असलेली माणसं लागतात.

सुट्टी विश्रांतीसाठी असते, धडे गिरवण्यासाठी नाही, असंही कुणी म्हणेल. चोडणच्या होडीत तासभर गप्प बसण्याइतकी विश्रांती गजबजलेल्या किनाऱ्यावर मिळत असेल, असं मला वाटत नाही. चार दिवसांच्या मुक्कामातला एक दिवस पूर्वेकडे द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. पर्यटक जे मागतो ते गोव्यात उभं राहतं, हे किनाऱ्याने दाखवून दिलंच आहे. मग ओहोटीची वेळ आणि जाणता वाटाड्या, याही गोष्टी मागायला काय हरकत आहे?