छायाचित्रातील टॉकीज

आमच्या पेडण्याच्या घरी देवघरालगतच्या भिंतीवर आतेचे एक छायाचित्र आहे. पांढरे लुगडे, डोक्यावरून पदर, कोरे कपाळ आणि ओठांच्या कडेला उमटलेले हसू. पाठीमागे काही नाही. नुसता राखी रंग. येणारेजाणारे म्हणतात, "देवळातले दिसते. दर्शन घेऊन आलेली असावी, म्हणून एवढी प्रसन्न!" आम्हीही कधी नाही म्हटले नाही.

यंदा पावसाळा सरल्यावर जुन्या पेट्या उन्हात टाकल्या, तेव्हा त्याच छायाचित्राची मूळ प्रत हाती आली. आते उभी आहे ती डिचोलीच्या टॉकीजसमोर. मागे तिकिटाच्या खिडकीची जाळी, पुढच्या खेळासाठी लागलेली रांग, भिंतीवर देवीचे भलेमोठे चित्र आणि दाराशी वहाणांचा ढीग.

आते एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. भगवतीचे देऊळ आणि घर, एवढाच तिचा प्रवास. दशावतारी कालाही ती बायकांच्या घोळक्यात, खांबाआडून पाही. १९६१ च्या मुक्तीनंतर सरकारी प्रसिद्धी खात्याची गाडी गावात येई, मैदानात पांढरा पडदा ताणला जाई आणि गाव चटयांवर बसून धरणांची व शेतीची चित्रे पाही. पुढे १९७३ साली अहमदाबादेस मोटारीत बसून सिनेमा पाहण्याची सोय झाल्याचे वाचले, तेव्हा आम्हांस त्याचे फारसे नवल वाटले नाही. उघड्या आभाळाखालचा सिनेमा आम्ही मोटारीवाचून पाहिला होता. आते मात्र तेव्हाही घराच्या पायरीवरूनच त्या दूरच्या उजेडाकडे पाही.

आम्ही मुले कोलवाळची नदी ओलांडून म्हापशास 'अलंकार'मध्ये वा 'एल कॅपितान'मध्ये सिनेमा पाहून आलो, की भाजी चिरता चिरता ती सारी गोष्ट विचारून घेई. मधले काही गाळले, तर तिला बरोबर कळे. १९५० साली म्हापशास 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोंकणी बोलपट लागला होता, हेही मला तिनेच सांगितले. तो मात्र तिने पाहिला नव्हता.

१९७५ साली 'जय संतोषी माँ' निघाला. तो डिचोलीस आला, तेव्हा आम्ही थोरल्या बहिणीच्या मुलाच्या बारशास तिच्या सासरी होतो. सिनेमाचे नाव काढताच वडिलांची मुद्रा बदलली; पण सिनेमा देवीचा आहे, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग जाऊ दे तिला." आमच्या लोकांना सिनेमाची वाट देवानेच दाखविली आहे; दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणला, तोही राजा हरिश्चंद्रच.

दाराशी बायका वहाणा काढून आत जात होत्या. आतेनेही काढल्या. पडद्यावर देवी प्रकटली, तेव्हा कोणी फुले वाहिली, कोणी पैसे टाकले. आतेने हात जोडले खरे. पण पुढे ते मांडीवर कधी आले आणि ती कधी खळखळून हसली, हे तिचे तिलाही कळले नसावे. बाहेर येताच भावोजींनी आपल्या आग्फा कॅमेऱ्याने तिचे छायाचित्र घेतले. परतताना तिने मला हळूच विचारले, "आनीक एक फावट पळोवंक मेळटलें?"

मी म्हटले, "पुढच्या खेपेला नक्की."

पुढे कॉलेज आले, नोकरी आली. तिने आणखी दोनदा विचारल्याचे मला आठवते; तिसऱ्यांदा विचारले नाही. १९८६ साली ती गेली. दुसऱ्याच वर्षी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी देव आपण होऊन आमच्या माजघरात आले. गावोगावच्या टॉकीजांची गर्दी ओसरू लागली, ती त्याच सुमारास. आज पणजीस २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. पण तालुक्याच्या गावातील टॉकीजचे छायाचित्र शोधू गेल्यास ते कोणाच्या तरी खांद्यामागेच सापडते. देवळाची, जत्रेची, लग्नाची छायाचित्रे आम्ही हौसेने काढली. टॉकीजचे मुद्दाम कोण काढणार?

आणि जे होते, ते मीच पुसले. आतेच्या निधनानंतर ते छायाचित्र मोठे करण्यास मी दिले, तेव्हा स्टुडिओवाल्यास मीच म्हटले होते, "मागचे ते सगळे काढून टाका. देवघराजवळ लावायचे आहे." त्याने सांगितल्याप्रमाणे केले. तिचे हसू तेवढे राहिले; ते कोठून आले होते, ते गेले.

आता मूळ छायाचित्र तसेच, काही न कापता, चौकटीत घालून त्याच भिंतीवर लावले आहे. परवा कोणी विचारले, "हे देऊळ कुठले?" मी सांगितले, "देऊळ नव्हे, डिचोलीचे टॉकीज." मग आम्ही दोघे ते निरखीत उभे राहिलो. इतक्या वर्षांत न दिसलेली एक गोष्ट तेव्हा दिसली. खेळ संपला आहे, बाकीच्या बायका वाकून आपापल्या वहाणा शोधीत आहेत, आणि आते मात्र अनवाणीच उभी आहे.