साठ घोडे, दोन सीटा आणि एक पेटी आंबे

ऑफिसमध्ये कोणी नवीन जॉइन झालं की साधारण दुसऱ्या आठवड्यात मला पार्किंगमध्ये गाठतं. "ती लाल बुटकी गाडी तुझी का रे? इम्पोर्टेड आहे?" मी शांतपणे सांगतो, "हो, गोव्याहून इम्पोर्ट केलीय." समोरचा हसतो, त्याला पीजे वाटतो. पण मंडळी, गाडी खरंच गोव्याची आहे. सॅन स्टॉर्म.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्याच्या सॅन मोटर्सने ही दोन सीटांची, छत उघडणारी गाडी आणली. डिझाइनला फ्रेंच मदत, अंगावर पत्र्याऐवजी फायबर, आणि पुढे रेनॉचं ११४९ सीसीचं डी७एफ इंजिन. हेच इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओमध्ये बसायचं. ताकद सुमारे साठ घोडे. हसू नका. आजची साधी स्विफ्टसुद्धा यापेक्षा जास्त घोडे पाळते हे मला माहीत आहे. पुण्याच्या डीसी अवंतीचं नाव निदान लोकांनी ऐकलेलं असतं. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत तिचा केवढा गाजावाजा झाला होता, तिचं इंजिनही अडीचशे घोड्यांचं. स्टॉर्मला मात्र लोक विसरले. थोड्याच बनल्या, त्यातल्या आता रस्त्यावर किती चालत असतील देव जाणे.

मी पहिली स्टॉर्म पाहिली ती बांद्याजवळ, बाबांच्या ट्रकच्या केबिनमधून. सात वर्षांचा असेन. बाबा तेव्हा दुसऱ्याचा ट्रक चालवायचे. एप्रिल-मे म्हणजे देवगड-मालवणचे आंबे वाशी मार्केटला, बाकी वर्षभर जे मिळेल ते. समोरून एक पिवळी गाडी आली, इतकी खाली की मला वाटलं तिची चाकं जमिनीत गेलीत. मी ओरडलोच. बाबांनी मान वळवून एकदा बघितलं आणि म्हणाले, "पोरांची गाडी ती, झिला." झालं. ते वाक्य वीस वर्षं डोक्यात बसलं, आणि नोकरीची चार वर्षं झाल्यावर साडेतीन लाख घेऊन मी एक जुनी स्टॉर्म उचलून आणली.

घरी फोटो पाठवला. आईचा लगेच फोन. "दोनच सीटा? मगे मी खंय बसू?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आताही नाही. बाबांची कंबर ट्रकने खाल्लेली. मणक्याची चकती सरकलेली, तपासणीला कोल्हापूरला जायचं तर भाड्याची गाडी करावी लागते. अशा घरातल्या एकुलत्या एक कमावत्या पोराने चार माणसं नीट बसतील अशी गाडी घ्यायची सोडून हे खेळणं घेतलं. आई एवढंच म्हणाली, पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

असो. गाडी आली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आपल्या जातीचा मोठा दोष हा की चालू सिस्टिमला हात लावल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. पहिल्या महिन्यात नवा एअर फिल्टर आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट. आवाज असा की सोसायटीच्या वॉचमनला मी गेटच्या दोन चौक आधीपासून कळायचो. वेगात फरक? स्टॉपवॉच लावून बघितलं. शून्य. पुढे गाडीचं री-रजिस्ट्रेशन आलं तेव्हा जरा वाचन केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेलं कलम १८२ए. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल केलात तर एकेका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एक्झॉस्ट त्याच शनिवारी उतरवला.

पण खरा मूर्खपणा सस्पेन्शनचा. गाडी अजून खाली पाहिजे, वळणावर अजिबात कलता कामा नये, हे खूळ. मूळ स्प्रिंग काढून आखूड आणि कडक स्प्रिंग टाकल्या, मोठी रिम आणि १९५/५० आर १५ चे पातळ टायर चढवले. मूळ स्प्रिंग पंचवीस वर्षांच्या, गंजलेल्या. त्या भंगारात दिल्या. हे वाक्य लिहितानाही हात जड होतो. बॅकअप न घेता प्रॉडक्शनवर डिप्लॉय करणाऱ्या ज्युनिअरला मी मीटिंगमध्ये झापलेलं आहे, आणि इथे मी स्वतः रोलबॅकचा रस्ताच किलोने विकून मोकळा झालो!

फोंडा घाटात मात्र गाडी अशी चिकटून गेली की काय सांगू. दाजीपूरचं जंगल मागे पडतं, धुकं फाटतं आणि खाली कोकण दिसतं, तिथून पुढचं प्रत्येक वळण मी गाणं म्हणत घेतलं. चतुर्थीला दोन दिवस होते. घरी पोचलो तर बाबा अंगणात उभे. गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं. "हेच्यात बसाचा काय निजाचा?"

दुसऱ्या दिवशी गणपतीच्या शाळेत जाऊन आमची मूर्ती कुठवर आलीय ते बघायचं होतं. बाबा दरवर्षी जातात. "चला, गाडीतून नेतो," मी म्हटलं. आईने माझ्याकडे बघितलं. बाबा हळूहळू वाकून, दाराला धरून बसले. तेही खूश होते, हे मी शपथेवर सांगतो. शाळेत मूर्तिकाराला म्हणाले, "झिलान हाडल्यान गाडी." एवढंच, पण कसं म्हणाले!

परत येताना चौक्याच्या अलीकडे एक गतिरोधक. पट्टे पुसलेले, वर झाडाची सावली. मला दिसला तोवर चाकं वर होती. स्प्रिंग आखूड, त्यामुळे खाली जायला जागाच नव्हती; सस्पेन्शन थेट रबरी ठोकळ्यावर आपटलं आणि तो दणका जसाच्या तसा सीटमधून वर आला. बाबांच्या तोंडून आवाज आला नाही. नुसता श्वास ओढल्याचा आला. घरी पोचल्यावर त्यांना दारातून बाहेर काढायला मी आणि शेजारचा काका, दोघे लागलो.

त्या वर्षी गणपती चुलतभावाने आणला, रिक्षातून. बाबा आतल्या खोलीत फळीवर पडून. आरतीच्या वेळी त्यांनी पडल्या पडल्या टाळ वाजवला. तीन आठवडे ते उठले नाहीत. विसर्जनाला निघताना मी आत गेलो, काय बोलावं कळेना. तेच म्हणाले, "रे झिला, हेच्यापेक्षा माझो रिकामो ट्रक बरो होतो."

'रिकामो' का म्हणाले, हे मला पुण्याला परत येताना, कराडच्या आसपास डोक्यात आलं. फोन लावला. ते म्हणाले, "रिकामो ट्रक उडता, भरलेलो ट्रक झोपयता. ह्या आमच्या क्लीनराकय म्हायत आसता. पाटे वझ्यासाठी असतत. वझा नाय तर पाटे कमी करूक व्हये. तू वझा नसताना पाटे वाढवलंस."

चार वर्षांची मेकॅनिकल डिग्री आहे माझी. (हो, आयटीत असलो तरी डिग्री मेकॅनिकलचीच. कॅम्पसची कृपा.) स्प्रिंगचा कडकपणा भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, भागिले दोन पाय, हे सूत्र मी परीक्षेत तीनदा तरी लिहिलं असेल. त्या रात्री पहिल्यांदा ते माझ्या गाडीला लावून बघितलं. एका कोपऱ्यावर साधारण सव्वादोनशे किलो धरले आणि माझ्या त्या हौशी स्प्रिंगचा आकडा टाकला तर उत्तर आलं सव्वादोन हर्ट्झ. आरामाच्या गाड्या एक ते दीडच्या आसपास डुलतात. बसलेल्या माणसाचं अंग उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं ते चार ते आठ हर्ट्झच्या पट्ट्यात. हे आंतरराष्ट्रीय मानकातही नोंदलेलं आहे. म्हणजे मी पैसे मोजून गाडीला बाबांच्या मणक्याच्या दिशेने ढकलत होतो. फोंडा घाटातला तो आनंद गुळगुळीत डांबराचा होता, आणि माझं घर गुळगुळीत डांबराच्या टोकाला नाही.

मग सुरू झालं उलटं काम. शिरोलीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नवीन स्प्रिंग वळून घेतल्या, १.४ हर्ट्झच्या हिशोबाने, उंचीही मूळच्या जवळ. दोन चकरा झाल्या, कारण पहिल्या जोडीला पुढून गाडी नाक वर करून उभी राहायची, जत्रेतल्या बैलासारखी. शॉक ॲब्सॉर्बरही त्यांच्या जोडीचे घेतले. नुसत्या मऊ स्प्रिंग टाकल्या तर गाडी डुलतच राहते. टायर १८५/६० आर १४ केले. गंमत बघा, चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, दोनेक मिलिमीटरचा फरक. पण रबराची भिंत साडेसत्त्याण्णव मिलिमीटरची एकशे अकरा होते, आणि रिमही हलकी. आणि हवा कमी केली. याला काहीच खर्च नव्हता, आणि फरक सगळ्यात आधी याचाच जाणवला.

दाराची रबरं वयाने गेलेली होती, ती बदलली. फ्लोअरवर आवाज मारणाऱ्या शीट चिकटवल्या. सीट दोन इंच उचलली आणि मालवणच्या गादीवाल्याकडून पाठीला काथ्याची उशी भरून घेतली. फोम नको, तापतो आणि दबतो, हे त्याचं मत. मला पटलं.

याच भानगडीत बॉडीचीही दुरुस्ती झाली. मागच्या चाकावर फायबरला एक तडा होता. पुण्यात कोणी हात लावेना. पत्रा ठोकणारे म्हणाले, हे आमचं काम नाही. मालवणात मासेमारीच्या होड्या आता बहुतेक फायबरच्या. तिथल्या एका होडी दुरुस्त करणाऱ्या काकांनी तड्याकडे बघून विचारलं, "पाण्यात घालतंस?" नाही म्हटल्यावर निम्मे पैसे सांगितले. तडा घासून रुंद केला, मॅट, रेझिन, परत मॅट. दुपारचं जेवण होईपर्यंत कडक. जाता जाता गाडीखाली वाकून म्हणाले, वरचं काही होणार नाही, खालचं लोखंड सांभाळ. खारं वारं फायबरला काही करत नाही, लोखंडाला सोडत नाही. तेव्हापासून घरून निघायच्या आधी चासी गोड्या पाण्याने धुतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी उभी करून फोटो काढणाऱ्यांनो, हे वाचताय ना?

मे महिन्यात गाडी घेऊन घरी गेलो. मोबाइलवर हादरे मोजायचं ॲप, आधीचे-नंतरचे आलेख, सगळी तयारी. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती नागमोडी रेघ बघितली आणि मोबाइल परत दिला. "तुझ्या मोबायलाक कंबर आसा काय?"

मग आत जाऊन एक पेटी घेऊन आले. हापूस, पिकायला टेकलेला. गवत काढून टाकलं, आंबे नुसते रचले. पेटी बाजूच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. म्हणाले, कसालपर्यंत जा आणि ये, गतिरोधक चुकवू नको. दुसरी तशीच पेटी घरात ठेवली. याला आम्ही कंट्रोल ग्रुप म्हणतो हे मी त्यांना सांगितलं नाही.

सुकळवाड, कट्टा, चौके, सगळे गतिरोधक घेत परत आलो. आंबे बाहेर काढून बघितले, एकालाही डाग नाही. मी खूश! बाबा शांत. "आज कळाचा नाय. लागलेलो आंबो पिकताना सांगता. बुधवारी फोन कर."

रविवारी पुण्याला आलो. सोमवार, मंगळवार रिलीजच्या गडबडीत, पण जीव पेटीत. बुधवारी स्टँड-अप अर्ध्यावर सोडून फोन केला. बाबांनी मोजून ठेवलं होतं. गाडीतल्या पेटीत तीन लागले, तिन्ही खालच्या थरातले. घरातल्या पेटीतही एक निघाला. "म्हणजे?" मी विचारलं. "म्हणजे काय, वाशीक हेका आमी बरो माल म्हणी. गवताशिवाय गेलेलो तो."

आता पुढच्या खेपेला ते बसतात का, हे विचारायचं माझ्याच्याने होत नव्हतं. त्यांनीही विषय काढला नाही. जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर मी गाडी धूत होतो, तर हे शर्ट घालून बाहेर आले. दार स्वतः उघडलं, आधी बसले, मग एकेक पाय आत घेतला. आम्ही चौक्यापर्यंत गेलो. तो गतिरोधक आता मला पाठ आहे. मी जवळजवळ थांबलोच. "चलय," ते म्हणाले, "बैलगाडी आसा काय?" गाडी वर चढली, उतरली, एकदा डुलली आणि गप्प झाली. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते समोर बघत होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "डाव्या चाकात हवा जास्ती आसा." घरी येऊन गेज लावला. पुढच्या डाव्या चाकात खरंच चार पीएसआय जास्त होती.

कोल्हापूरची तपासणी मात्र अजून भाड्याच्या गाडीनेच होते. तेवढा लांब पल्ला या सीटवर नको, हे मीच ठरवलंय. पुढच्या वर्षी एखादी जुनी, चार दारांची, साधी गाडी घ्यायचं चाललंय, आईला विचारून.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ह्या चतुर्थीक गणपती तुझ्या गाडयेतसून हाडूया. मी मांडयेर घेवन बसतंय."

मागून आईचा आवाज आला, "आणि मी काय चलत येव?"