सुमोची पायरी

पुण्याहून रात्रीच्या बसने अंबाजोगाई, तिथून लालपरीने धर्मापुरी. एरवी मित्रमंडळी सोबत असली की आधी केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर, भिंतीवरच्या सुरसुंदरींसमोर फोटोसेशन, मग किल्ला. या वीकएण्डचा अजेंडा मात्र एकच... घरची सुमो विकणे!

2012 ची सुमो गोल्ड. एमएच 44, म्हणजे अंबाजोगाई पासिंग. हे नाव जपानी पैलवानांचं नाही बरं का, टाटांच्या सुमंत मुळगावकरांचं. 1994 ला आलेलं हे मॉडेल 2019 मध्ये बंद झालं. आमचं अजून दारात उभं. पुढे लोखंडी गार्ड, वर कॅरिअर, आत चार स्पीकर. आणि मागच्या दाराखाली वेल्डिंग करून बसवलेली जादा पायरी. आज्जीचे गुडघे गेले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती करून घेतली होती. श्रावणी सोमवारी गावातल्या गावात केदारेश्वराला जायचं तरी आज्जी गाडीनेच. गेल्या वर्षी आज्जी गेली.

गिऱ्हाईक अहमदपूरकडचं, पक्कं. आल्याआल्या चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर बघितला.

"गार्ड 2017 पासून बंद हाय, पोलिस धरतेत. पायरी बी कापावी लागंल. दहा हजार कमी करा."

म्हणजे आपण हौसेने जे जे बसवलं, ते ते वजा! एरवी भाजीवालीशीही पाच रुपयांवरून वाद घालणारे अण्णा एवढंच म्हणाले, "केले कमी. पायरी आम्ही काढून घेतो."

ग्राइंडरने दहा मिनिटांत काम केलं.

गाडी विकणाऱ्यांनो, एक फंडा लक्षात ठेवा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या म्हणजे सुटलात असं नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये अपघाताच्या एका केसमध्ये स्पष्ट केलंय. दुसऱ्याने ठोकली तरी भरपाईसाठी तुम्हालाच गाठणार.

पायरी सध्या न्हाणीघरापाशी आहे, तिच्यावर पाण्याची बादली. अण्णांचा रोज फोन येतो, "झाली का गं नावावर? ॲपवर बघ की." बघते. अजून त्यांचंच नाव दिसतंय.