पट्टी चढते तेव्हा

बिल इव्हान्सचा पियानो आज मला उमगतो, तो खालापूर तालुक्यातल्या एका भजनीबुवांमुळे. बुवा शेतकरी. आवणी आटोपली की देवळात रोज भजन, आणि पेटीवर तेच. मी कर्जतहून खोपोली लोकलने त्यांच्याकडे शिकायला जायचो.

रागांची नावं त्यांनी फार सांगितली नाहीत. एकच चाल सगळ्या पट्ट्यांत घोटून घेतली. गावचा गाणारा पट्टी सांगून उभा राहत नाही, त्याचा गळा लागेल तिथे पेटीनं जायचं. रंगात आला की तो मध्येच चढवतो. "तेव्हा घाबरायचं नाही बाळा," बुवा म्हणायचे, "हाताखालचा कुठला सूर नव्या पट्टीतही चालतो, तो आधी धर."

माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बममधली 'सो व्हॉट' ही रचना ऐकताना हेच वाक्य कामी आलं. तिचं आवर्तन 32 बारांचं, बार चार मात्रांचा. पहिले 16 बार पांढरी दोनला सा धरून काफी थाटाचे सूर. मग 8 बार तोच थाट काळी दोनवर. शेवटचे 8 पुन्हा पांढरी दोन. या दोन पट्ट्यांत सामायिक सूर दोनच, पांढरी चार आणि पांढरी एक. पांढरी चार आधी कोमल गंधार असते, पट्टी चढताच ऋषभ होते. पांढरी एक कोमल निषादाची धैवत होते. बोट जागचं हलत नाही आणि सुराचं नातं बदलतं! उत्स्फूर्त वादनातलं मला सर्वांत आवडणारं सुख हेच.

बुवांना त्यांच्या पडवीत ती रचना ऐकवली. पेटीवर बोटं ठेवून ऐकत होते. सोळा बार सरले तसे म्हणाले, "चढला." आठ बारांनी, "उतरला."

ट्रंपेट आणि दोन्ही सॅक्सोफोन होऊन गेल्यावर इव्हान्स येतो. तो लांब ताना घेत नाही. शेजारशेजारचे सूर एकत्र दाबतो आणि मध्ये भरपूर जागा सोडतो. बुवा पुढे सरकले. "याचा डावा हात मोकळा आहे. आपला भात्यात अडकलेला." मग उजव्या हातानंच ऋषभ आणि कोमल गंधार एकदम दाबून पाहिले. तो खरखरीत मेळ त्यांना आवडला. पुढे गजर टिपेला गेला की ते हटकून तो लावायचे आणि टाळकरी वळून बघायचे. त्यांनी मला दिलं त्यापुढे माझ्याकडून त्यांना गेलेलं एवढंच.