अंगणातले कारंजे आणि आईचे जाते

विरारमध्ये अंगणात कारंजे करायचे म्हटले की लोक आधी हसतात. सूर्या धरणाचे पाणी आले तरी वैशाखात आमच्या गल्लीत टँकर दिसतोच. तिथे शोभेसाठी पाणी कोण उडवणार? पण घरगुती कारंजे तेच तेच पाणी फिरवते. उन्हावाऱ्याने जे आटते तेवढेच वरून घालावे लागते. तेव्हा बुद्धपौर्णिमेच्या आधी मुलांचा हा हट्ट पुरवायचे आम्ही सर्वांनी ठरवले.

प्रश्न उरला साहित्याचा. बाजारात फायबरची तयार कारंजी मिळतात. त्यांत सर्वाधिक खपतात ती तथागतांची मूर्ती बसवलेली. मूर्तीच्या मस्तकावरून नाहीतर मांडीवरून पाण्याची धार, खाली रंगीत दिवे. आम्ही ते घेतले नाही. ज्या मूर्तीपुढे आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो, ती दिवाणखान्याची शोभा म्हणून विकणाऱ्यांना आपणच गिऱ्हाईक का व्हावे?

मग टाके कशाचे? प्लास्टिकचा टब स्वस्त, पण उन्हाने ठिसूळ होतो. मातीची कुंडी दिसायला सर्वांत सुंदर. ती पाझरते, म्हणून आतून सिमेंटचा हात द्यावा लागतो. तांब्याचे घंगाळ घरात होते, पण पाण्यात उतरणारे तांबे माशांना मारते आणि आम्हाला तर गप्पी मासे सोडायचे होते. शेवटी कुंडीच ठरली. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून पाणी चार-पाच वेळा भरून झाडांना ओतले, मगच मासे सोडले.

वर पाणी खेळायला दगड हवा होता. आपला काळा कातळ ऊन-पावसाला दाद देत नाही. शेजारच्या सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तांब्याचे, चांदीचे, स्फटिकाचे, सोन्याचे करंडे एकात एक ठेवलेले मिळाले, ते सारे एका दगडी पेटीत होते. सोने आत आणि राखण दगडाची!

आमच्या घरी दगड एकच, महाडकडून आणलेले आईचे जाते. ते मागायचे कसे? याच जात्यावर तिने बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या आहेत आणि दुसऱ्यांची दळणेही दळली आहेत. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छिन्नी लावणार नसाल तर घ्या. नि भोवती कुंपण नको. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात पाण्याला लागू दे."

छिन्नीची गरज पडली नाही. जिथे दळणाचा घास घालायचा, त्या तोंडातूनच अर्ध्या इंचाची नळी वर आली. पाणी तळीवर पसरून कडेने गळते. उंच उडत नाही, त्यामुळे वाऱ्याने वायाही जात नाही.

दुसरी अट मात्र आम्हाला विचार करायला लावणारी होती. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा आईचे आजोबा त्या गर्दीत होते. तिच्यापुढे "पाण्याला हात लावू नये" अशी पाटी कोण लावणार? पण कूलरचा साधा पंप २३० व्होल्टवर चालतो, आणि तार कुरतडली गेली तर त्या पाण्यात पोराचा हात म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून थोडे जास्त पैसे मोजून बारा व्होल्टचा पंप घेतला. त्याचा अडॅप्टर घरात, कोरड्या भिंतीवर उंच लावला. अंगणात जाते ती बारा व्होल्टचीच तार. शिवाय घराच्या मुख्य बोर्डात, गळती होताच वीज तोडणारे यंत्र इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतले. ज्यांना कारंजे करायचे आहे त्यांनी बाकी कशातही काटकसर करावी, यात करू नये.

पंप बंद असला की पाणी साचते आणि डास आठ-दहा दिवसांत अळीचे पंखवाले होतात; ते काम गप्पी मासे करतात. बोअरचे पाणी मचूळ असल्याने दगडावर पांढरे पुट चढते. आई महिन्यातून एकदा तळी उतरवायला लावते आणि स्वतः लिंबाच्या सालीने घासते. ते काम ती दुसऱ्या कोणाला देत नाही.