मेहलींचा वाद्यमेळ

आज शिरूर अनंतपाळला दिवसभर झड. बाहेर पडायची सोय नाही, म्हणून मेहली मेहतांविषयी वाचत बसलो. वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचे वडील एवढीच आपल्याकडे त्यांची ओळख. मला तर लेकापेक्षा बापाचंच काम मोठं वाटलं.

1935 साली त्यांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे 1964 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, लॉस एंजेलिसला विद्यार्थ्यांचा अमेरिकन यूथ सिम्फनी काढला आणि 33 वर्षं चालवला. नव्वदीला टेकेपर्यंत! शिकाऊ पोरांना एका तालात, एका सुरात बांधायचं म्हणजे चेष्टा नव्हे. त्यातली कितीतरी पुढे मोठमोठ्या वाद्यवृंदांत गेली. 2024 मध्ये हा अमेरिकन यूथ सिम्फनी पैशाअभावी बंद पडला.

आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा गावोगाव होतात. पण पोरगं एकटं शिकतं, एकटंच वाजवून दाखवतं. शेजारच्याचं ऐकत आपला आवाज आवरायला ते शिकणार कुठं? भजनी मंडळातले टाळकरी, पखवाजी हे रोज करतात; त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही, एवढंच.

लातूरकडच्या संगीत शिक्षकांनो, दहा-बारा पोरं एकत्र बसवून बघा. पेटी, तबला, बासरी, जे असेल ते चालेल.